आत जाणारी पावलं

१

तालुक्याच्या त्या सरकारी दवाखान्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही. तिथं ज्यानं एकदा केसपेपर काढला असेल, तो खुणेवरूनच ओळखेल. समोर निजामाच्या अमदानीतली दगडी इमारत, तिच्या पाठीला नंतर चिकटवलेली विटांची, आणि दोघींच्या मध्ये कुणा इंजिनिअरच्या मनाला आलं म्हणून सोडलेले तीन बोळ. डावीकडच्या बोळात शिरलेला माणूस एक्स-रेच्या दाराशी पोचायचा, तिथून सुचेल तसा वळायचा, आणि पाच मिनिटांनी निघाला तिथंच येऊन उभा राहायचा. तोच चेहरा दुसऱ्यांदा दिसला की बन्सीधर पेन खाली ठेवायचा.

बन्सीधर केसपेपरच्या खिडकीतला कारकून. काम नाव, गाव, वय लिहून घ्यायचं, पण दिवसभर तोंड चालायचं ते रस्ता सांगण्यात. जचकीचा वॉर्ड कुठाय, डोळ्याचे डॉक्टर कुठं बसतेत, काल आणलेला आमचा माणूस कुठं ठिवलाय. माणूस तसा मायाळू. आधी चिडायचा, आणि चिडून झालं की उठून स्वतः हाताला धरून नेऊन सोडायचा. तोवर खिडकीपुढची रांग त्याच्या नावानं बोटं मोडत असायची.

मोठे डॉक्टर अनंतराव हौशी गृहस्थ. त्यांनी जिल्ह्याहून पाट्या करून आणल्या: बाह्यरुग्ण विभाग, प्रसूतिपश्चात कक्ष, क्ष-किरण विभाग. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांचं काही बिघडलं नाही, ज्यांना येत होतं तेच घोटाळ्यात पडले. मग भिंतींवर बाण काढले. एक म्हातारा बाणाच्या टोकाशी भिंतीला हात लावून बराच वेळ उभा राहिला आणि खिडकीशी येऊन म्हणाला, "सायेब, हितं तर दार न्हाई."

यावर हसता आलं असतं. पण तानुबाई नावाची एक म्हातारी लेकीसाठी भाकरी बांधून सकाळच्या एसटीनं राणीसावरगावाहून आली आणि त्या तीन बोळांत तासभर फिरत राहिली. लाजेपायी तिनं कुणाला विचारलं नाही. ती वॉर्डात पोचली तेव्हा लेकीच्या तोंडावरून चादर ओढून अर्धा तास झाला होता. बन्सीधर त्या दिवशी घरी जाऊन जेवला नाही. "लेकीचं तोंड बघायचं ऱ्हाऊन गेलं तिचं," एवढंच तो बायकोला म्हणाला.

२

बायकोचं नाव मनकर्णा. जीभ जरा तिखट, आणि ती तिखट जीभच बन्सीधरला फार आवडायची. दिवसभर लोकांशी बोलून आंबलेला माणूस घरी यायचा आणि हिनं एक टोमणा मारला की ताजातवाना व्हायचा. लग्नाला आठ वर्षं झाली होती. पहिलं मूल पोटातच गेलं, दुसरं जन्मल्यावर चौथ्या महिन्यात. आता तिसऱ्या खेपेला सातवा लागला होता आणि घरात त्याबद्दल कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. बन्सीधरची आई चतुराबाई देवापुढं काय ते पुटपुटायची.

भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या. मनकर्णानं कुंकवाच्या पाण्यात मूठ बुडवून उंबऱ्यापासून आत पावलं उठवली: ओसरीतून मधल्या घरात, तिथून चुलीपाशी, कणगीपाशी, आणि शेवटी महालक्ष्म्या बसवायच्या जागेपाशी. मागून चतुराबाई ताट वाजवत चालली. दुपारी गल्लीत नव्यानं राहायला आलेल्या नर्मदाबाई हळदीकुंकवाला आल्या. त्या या घरात कधी आल्या नव्हत्या. त्यांनी काही विचारलं नाही. पावलं चुकवत, पण पावलांच्याच कडेकडेनं, त्या थेट महालक्ष्म्यांपुढं जाऊन टेकल्या. बन्सीधर ओसरीवरून ते पाहत होता आणि त्याच्या हातातला चहा निवून गेला.

दुसऱ्या दिवशी त्यानं दवाखान्यातून टाकाऊ एक्स-रेच्या दोन फिल्मा आणल्या. शाळेत असताना चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा तो पास झाला होता, त्याचा जन्मात पहिल्यांदा उपयोग होणार होता.

"पाय ठिव यावर," तो मनकर्णाला म्हणाला.

"कशाला?"

"दवाखान्यात काढायचेत. फरशीवर. खिडकीपासून वॉर्डापत्तोर."

"माझे पाय दवाखान्यात? तुमच्या मायचे घ्या की."

"तिचे वाकडे पडतेत. मानसं भलतीकडंच जातील."

चतुराबाई आतून ऐकत होती. ती जे म्हणाली ते इथं लिहिण्यासारखं नाही. मनकर्णा पोट सावरत हसली आणि एकेक पाय फिल्मेवर ठेवला. पेन्सिल तळव्याच्या कडेनं फिरायला लागली तशी तिला गुदगुल्या झाल्या आणि डावा पाय दोनदा नव्यानं काढावा लागला. फिल्मेत कुणाच्या तरी बरगड्या होत्या. बन्सीधरनं ब्लेडनं बरगड्यांच्या मधोमध मनकर्णाचं पाऊल कापून काढलं आणि तो फर्मा उजेडात धरून बघितला. पाय छान आला होता.

३

दोन रविवारांत काम झालं. जचकीच्या, म्हणजे बाळंतिणींच्या वॉर्डाला खाटांना द्यायचा तांबडा रंग, डोळ्याला निळा, एक्स-रेला पिवळा. सगळी पावलं खिडकीपासून निघायची. तांबडी शहाबादी फरशीवरून उजव्या बोळात शिरून जचकीच्या वॉर्डाच्या उंबऱ्याशी थांबायची. ती चौसष्ट भरली.

सोमवारी बन्सीधर खिडकीत बसला आणि दुपारपर्यंत त्याला कुणी रस्ता विचारला नाही. "तांबड्या पावलांनी जावा," एवढं म्हटलं की झालं. बायका पावलांवर पाय देत नव्हत्या, कडेनं चालत होत्या. कुणी येता-जाता हळदकुंकूही वाहिलं. आवाराच्या भिंतीवर विद्यापीठाच्या नामांतराच्या घोषणा होत्या, बाजूच्या आणि विरोधातल्या, एकमेकींवर चढलेल्या. ती भिंत वाचून तावातावानं आत येणारे लोकसुद्धा पावलं दिसली की गुमान कडेनं चालायला लागत. अनंतराव इतके खूश झाले की जिल्ह्याच्या साहेबांना दाखवायला बोलवायचं म्हणाले.

खोट दिसली ती संध्याकाळी. सहाची घंटा झाली, भेटायची वेळ संपली, आणि माणसं बाहेर येईनात. बोळात घोळक्यानं फिरत राहिली. सुनेला भेटायला आलेला आश्रुबा नावाचा शेतकरी खिडकीशी आला.

"सायेब, जायची वाट दावली, यायची कुठाय? पावलं तर समदी आतच जायलीत. उलटं चालावं का काय?"

सगळे हसले, बन्सीधरही हसला. पण पुढच्या महिन्याभरात एक गोष्ट त्याच्या नजरेत भरू लागली. रजा दिलेल्या बायका बोचकं बांधून बाकावर बसून राहायच्या. घरची माणसं समोर उभी, टांगा दाराशी, आणि ही आपली बसलेली. "जायलेय की," म्हणायच्या, आणि पुन्हा आतल्या बाजूला बघायच्या. अनंतराव म्हणाले, वॉर्डात पंखा आहे, घरी नाही, त्याचा हा परिणाम. बन्सीधरला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा.

जचकीच्या वॉर्डातली आया सरजाबाई तीस वर्षं तिथं होती. डॉक्टर बदलले, सरजाबाई नाही. तंबाखू मळत ती एकदा पावलांकडं बघून म्हणाली, "बन्सीभाऊ, लक्ष्मीला आत आनायची पावलं काढतेत. तिनं ऱ्हावं म्हनून. तुमी हितं कुनाला ऱ्हा म्हनायलाव?"

"आता बाहेरची पण काढतो, मावशी. रंग येऊ द्या."

रंगाचा अर्धाच डबा उरला होता आणि नवा मागवल्याला महिना झाला होता. सरकारी काम.

४

रोज दुपारी बाराला बन्सीधर वही घेऊन प्रत्येक वॉर्डाच्या दारात जायचा आणि पेशंट मोजायचा. दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. जचकीच्या वॉर्डाच्या दारात उभा राहून तो खाटा मोजत होता, नऊच्या नऊ, आणि त्याची नजर खाली गेली. उंबऱ्याच्या आत एक पाऊल होतं. डावं.

चौसष्टावं पाऊल उंबऱ्याबाहेर, उजवं. त्यापुढं हे पासष्टावं. अंतरही बरोबर तेवढंच. बन्सीधरला पहिल्यांदा वाटलं, आपणच एक जास्तीचं काढलं असेल. पण उंबऱ्याच्या आत त्यानं ब्रश नेलाच नव्हता, पुरुषाला तिथं जायची मुभा नव्हती. मग वाटलं, कुणीतरी आपला फर्मा घेऊन चेष्टा केली. फर्मा त्याच्या कपाटात होता आणि किल्ली करगोट्याला.

दुपारची वेळ, बायका जेवून पडल्या होत्या. सरजाबाईला सांगून तो आत गेला आणि गुडघ्यांवर बसला. फर्म्यातून काढलेलं पाऊल म्हणजे नुसता सपाट रंग. या पावलात तळव्याच्या रेषा होत्या. टाचेला तीन भेगा होत्या, त्यांतली मधली खोल. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब होतं. रंग तोच होता आणि खडखडीत वाळलेला.

त्यानं टर्पेंटाईन आणून ते पुसलं. निघालं. पुसताना हाताला रंग लागला, सगळं रीतसर. तो स्वतःशीच म्हणाला, कुणा बाईचा पाय रंगात पडला असेल आणि ती चालत आली असेल. एकच पाऊल कसं उमटलं, हा प्रश्न त्यानं विचारायचा टाळला.

दुसऱ्या दिवशी बाराला तिथं दोन पावलं होती. पुसलेलं आणि त्याच्या पुढचं.

मग तो पुसेनासा झाला. रोज एक वाढत होतं. खाटांच्या दोन रांगांमधून ती पावलं वळण न घेता वॉर्डाच्या टोकाच्या खिडकीकडं चालली होती, जिथं शेवटची, नवव्या नंबरची खाट होती. बायकांना त्याचं काही वाटत नव्हतं. दवाखान्यानंच काढली, असं त्या समजून चालल्या होत्या.

५

एका संध्याकाळी बन्सीधरनं घंगाळात पाणी काढलं आणि मनकर्णाचे पाय त्यात घेतले.

"आज काय, पाय धुवायचं व्रत हाय का?" ती म्हणाली.

"सुजलेत म्हनून बघायलोय."

पाय सुजले होते खरे. त्यानं तळवा वर करून दिव्याजवळ धरला. टाचेला तीन भेगा होत्या, मधली खोल. रंगाचा ठिपकाही नव्हता. त्यानं भेगांत खोबरेल चोळलं, उगाच जास्त वेळ चोळलं. भेगा काय, साऱ्या गल्लीतल्या बायकांच्या टाचांना असतात, असं तो मनाला सांगत होता.

"अवो," मनकर्णा जरा वेळानं म्हणाली, "दुपारी डोळा लागला की पायाला लय गार लागायलंय. फरशीवर चालल्यावानी. एक पाऊल टाकते की जाग येते."

"रोज?"

"रोज एकच. तुमी काय भ्यालाव का काय? तोंड बघा कसं झालंय."

तो भ्यालाच होता. आपली बायको आपल्याच हातानं आपण दवाखान्यात आत आत नेत आहोत, आणि तिथून बाहेर यायला तिला एकही पाऊल नाही, हे त्याच्या डोक्यात त्या क्षणी पहिल्यांदा सरळ उभं राहिलं. ते शहाण्या माणसानं बोलायचं नव्हतं. रात्रभर जागून मात्र त्यानं ठरवलं: हिला इथं आणायचीच नाही. येत्या सोमवारी परभणीला नेऊन मोठ्या दवाखान्यात ठेवायची. तारखेला अजून तीन आठवडे होते.

सकाळी आईला सांगितलं. चतुराबाईनं त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. "सवताचा दवाखाना सोडून परभनी? लोकं काय म्हनतील?"

"म्हनू दे," बन्सीधर म्हणाला.

६

शनिवारी सकाळी अकराला मनकर्णाला कळा सुरू झाल्या.

चतुराबाईनं टांगा करून तिला आणलं आणि स्वतः घर बघायला परत गेली. बन्सीधर खिडकी सोडून धावत दारात आला. तो परभणीचं बोलायला लागला तेव्हा अनंतरावांनी नाडी बघता बघता त्याच्याकडं न बघताच विचारलं, "रस्त्यात व्हायला हवंय का? चला, आत घ्या तिला."

स्ट्रेचरचं चाक मोडलेलं होतं. "चालते की मी," मनकर्णा म्हणाली. तिनं चपला काढल्या. आणि आजवर ज्या पावलांवर कुणी पाय दिला नव्हता, त्या पहिल्या तांबड्या पावलावर तिनं डावा पाय ठेवला.

"त्यावर नको," बन्सीधर म्हणाला.

"माझीच हायत की. बघा, कशी बरोबर बसतेत."

सुजलेले पाय, तरी बरोबर बसत होते. ती एकेक पाऊल घेत चालली, कळ आली की थांबायची, त्याचा दंड धरायची, कळ गेली की पुढचं पाऊल घ्यायची. चौसष्ट झाली. उंबरा आला. बन्सीधरला दारात थांबावं लागलं. ती आत एकटी चालत गेली, भेगांवर भेगा ठेवत, थेट टोकापर्यंत. नऊपैकी आठ खाटा भरलेल्या होत्या. शेवटचं पाऊल कालच खाटेला टेकलं होतं.

ती खाटेवर बसली आणि तिथून त्याला हातानं जा म्हणाली. तिला तो तिथं उभा राहिलेला आवडत नव्हता. मग सरजाबाईनं तिला पडद्यामागच्या खोलीत नेलं.

७

बन्सीधर कपाटाकडं गेला. फर्मा काढला, तांबड्या रंगाचा अर्धा डबा काढला, ब्रश काढला, आणि कुणाला न विचारता वॉर्डात शिरला.

सरजाबाई पडद्याबाहेर आली तेव्हा तो नवव्या खाटेशी गुडघे टेकून फर्मा उलटा धरत होता: टाच खाटेकडं, बोटं दाराकडं.

"बन्सीभाऊ, काय करायलाव?"

"बाहेरची काढायलोय, मावशी. तुमीच म्हनला होता."

सरजाबाई हळू म्हणाली, "काढा. पर घाई करू नका. आधी ती मोकळी होऊ दे, लेकरू हातात येऊ दे. मग काढा."

आतून मनकर्णा ओरडली. बन्सीधरनं तिचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. पहिल्या दोन्ही वेळेला ती ओठ चावून गप्प राहिली होती. म्हाताऱ्या आयाचं ऐकायचं का हे ऐकायचं? त्यानं ब्रश बुडवला.

वॉर्डातली पावलं झाली, उंबरा ओलांडला, तो बोळात आला. आत जाणाऱ्या पावलांच्या शेजारून तो बाहेर जाणारी काढत चालला होता, गुडघे फरशीवर सोलवटत, एक डावं, एक उजवं. आवाज मागून येत होता आणि बोळात तो जवळ वाटायचा. तीनला रंग संपला. खिडकीपर्यंत वीसएक पावलं राहिली होती, आणि खिडकीपासून फाटकापर्यंत आणखी. तो ड्रेसिंगच्या खोलीत गेला आणि जखमांना लावायच्या लाल औषधाची मोठी बाटली उचलून आणली. ड्रेसर काहीतरी बोलला, ते त्याला ऐकू आलं नाही.

औषध पातळ होतं, फर्म्याखाली पसरायचं. तरी पावलं उमटत होती. खिडकीपाशी आला, ओटा उतरला, फाटकाशी आला. चारची घंटा झाली आणि भेटायला आलेले लोक त्याच्या अंगावरून आत जायला लागले. तो शेवटचं उजवं पाऊल भरत होता.

तेवढ्यात आतून कुणीतरी बाहेर आलं. त्यानं मान वर केली नाही, हात हलला असता. त्याला फक्त लुगड्याची कड दिसली आणि अनवाणी पाय. ते पाय ओल्या पावलांवरच पडत होते.

"बाई, ओलं हाय, कडेनं जावा," तो म्हणाला.

बाई थांबली नाही. पाय त्याच्या हातापुढच्या पावलावर आला, नीट बसला, उचलला गेला. औषध जरासुद्धा फिसकटलं नाही. ती फाटकाबाहेर रस्त्यावर गेली. उन्हात त्यानं पाठ बघितली, पदर डोक्यावरून घेतलेला, चाल सावकाश, कंबरेवर हात. येणाऱ्या लोकांची रांग मध्ये आली.

मग आतून बाळाचा रडण्याचा आवाज आला.

८

मुलगी झाली होती. अनंतराव हात पुसत बाहेर आले आणि बन्सीधरच्या खांद्यावर ओला हात ठेवून म्हणाले, "दोघी ठणठणीत. काय एवढं घाबरला होतास?" बन्सीधर बोळात भिंतीला टेकून रडला. कपडे, हात, गुडघे लाल झालेले. येणारे-जाणारे त्याला पेशंट समजून वाट देत होते.

सरजाबाईनं त्याला क्षणभर आत घेतलं. नवव्या खाटेवर मनकर्णा पडली होती आणि तिच्या कुशीत कापडात गुंडाळलेली पोर. बन्सीधरनं पोरीकडं बघितलं, मग बायकोकडं.

"लय त्रास झाला का?"

"न्हाई," ती म्हणाली.

"मी सगळी पावलं काढली बग. फाटकापत्तोर."

"बरं."

आता ती काहीतरी बोलेल म्हणून तो वाट बघत थांबला. तुमचा अवतार बघा, म्हणेल. तुमी जचकी झालाव का मी, म्हणेल. मनकर्णा त्याच्याकडं बघून हसली. ओळखीच्या माणसाकडं बघून हसावं तशी, चांगली हसली, आणि तिनं डोळे मिटले. बन्सीधरनं मनाला सांगितलं, दमलीय. पाच तास कळा दिलेली बाई टोमणे काय मारेल? हे अगदी बरोबर होतं. तरी सरजाबाईनं निघा म्हणेपर्यंत तो तिथंच थांबला.

सरजाबाई त्याला दारापर्यंत सोडायला आली. तिनं खाली बघितलं, बाहेर जाणारी पावलं उंबऱ्यापासून बोळापर्यंत न्याहाळली. तिनं तंबाखू काढली नाही.

"लेकराचा आवाज यायच्या आधीच पुरी झाली का, भाऊ?"

"झाली."

"बरं," सरजाबाईही म्हणाली, आणि आत निघून गेली.

९

साडेपाच वाजले होते. उन्हं कलली होती पण उजेड भरपूर होता. आईला सांगायचं, बाळंतिणीसाठी शिरा करून घ्यायचा आणि परत फिरायचं, असं मनाशी म्हणत बन्सीधर भरभर घरी चालला. गल्लीच्या तोंडाशी नर्मदाबाई भेटल्या. त्याला बघून हसल्या आणि म्हणाल्या, "आली बघा तुमची मंडळी." पोरीबद्दल म्हणत असतील, असं त्याला वाटलं. त्यांना कसं कळलं, हे मात्र त्याला उमगलं नाही.

चतुराबाई ओसरीतच उभी होती, कंबर कसून.

"लाज वाटत न्हाई का रं तुला?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "वली बाळंतीन, अन् चालत पाठवलीस? टांगा करायला काय झालं होतं? सवता तिथं कागद काढत बसलास."

"कुनाला पाठवलं?"

"कुनाला म्हनं. घंटाभर झाला येऊन. अनवानी. पोट रिकामं बघून माझ्या काळजात धस्स झालं. लेकरू कुठाय म्हनलं, तर म्हनली, मागून यायलंय. दूध दिलं, न्हाई घेतलं. आत पडलीया."

बन्सीधरनं खाली बघितलं. ओसरीपासून आत पावलं गेली होती. लाल औषधाची, अजून ओलसर. मधल्या घरातून, चुलीपाशी वळून, कणगीपाशी वळून, महालक्ष्म्या बसवायच्या जागेवरून, निजायच्या खोलीच्या दाराशी. सारं घर फिरून मग ती आत गेली होती. तो पावलं चुकवत, कडेकडेनं गेला.

परत फिरावं, पळत दवाखान्यात जावं, नवव्या खाटेवरचं पांघरूण काढून बघावं, असं त्याच्या मनात आलं. आणि तिथं मनकर्णाच असेल, हेही त्याला ठाऊक होतं. डॉक्टरांनी बघितली होती, सरजाबाईनं बघितली होती. मग ही कोण, हे विचारायला त्याला आत जावं लागलं असतं.

खोलीत खिडकी लावलेली होती. अंथरुणावर भिंतीकडं तोंड करून कुणी झोपलं होतं. पदर डोक्यावरून घेतलेला. पायांवर काही नव्हतं. त्यानं दारातूनच गोधडी ओढून त्या पायांवर टाकली. बोटांचा ओझरता स्पर्श झाला तेवढाच, पण मनगटापर्यंत गारठा चढला.

"आलाव का?" अंथरुणातून आवाज आला. "इतका येळ? समद्या जगाला रस्ता दावता, अन् सवताच चुकलाव का काय?"

बन्सीधर उंबऱ्यात खाली बसला. आठ वर्षं रोज संध्याकाळी ज्या आवाजासाठी तो घरी यायचा, तो हाच होता. त्याच्यात काही कमी नव्हतं, काही जास्त नव्हतं. त्याला रडू आलं आणि हसूही आलं, आणि भीती दोन्हींच्या खाली तशीच बसून राहिली.

"काय झालं हो?" तिनं विचारलं. "पोरगा का पोरगी? मी बघितलंच न्हाई. वाट झाली म्हनून निघाले बगा मी. तोंड बघायचं ऱ्हाऊनच गेलं माझं."

बाहेर चतुराबाई चुलीवर कढई ठेवत होती. रवा भाजल्याचा वास यायला लागला होता.

"पोरगी," बन्सीधर म्हणाला.

अंथरुणातून पुन्हा आवाज आला.

"कुनावर गेलीय?"

"तुझ्यावर," तो म्हणाला.